सतराव्या टीवरचा निरोप

पोर्टगॅरी,
सोमवार, ९ जुलै १९६२

प्रिय आर्ची,

अकरा वर्षांत आपण एकमेकांना नाताळच्या कार्डाखेरीज काही धाडलेले नाही. त्यामुळे हे जाड पाकीट हाती पडताच कुणीतरी गेले असावे, असे तुला वाटेल. कुणी गेलेले नाही. तुझी मुलगी सुखरूप पोहोचली आहे, ओट्सच्या पिठात घोळवून तळलेले हेरिंग मासे मागून मागून खाते आहे आणि माझ्या स्वयंपाकघरात रोज ओंजळभर वाळू आणते आहे.

गोल्फच्या 'कोळणींच्या कपा'साठी तिने शनिवारी नाव दिले. नावे लिहून घेण्याचे काम अजून बेला ऑग्स्टनकडेच आहे, तीच ती मासळीच्या गाडीवाली. बेला म्हणाली, "जन्म पर्थचा, राहणं पर्थचं. इथे तुझं कोण?"

"आजोबा," रोना म्हणाली.

"कुठे असतात?"

"चर्चच्या आवारात. तिसरी ओळ, भिंतीलगत."

"मग लिही नाव. जे पळून जाऊ शकत नाहीत तेच खरे गावकरी."

नियम तुला आठवत असेल: ज्या बाईचे आजोबा आमच्या मातीत आहेत, तिला खेळण्याचा हक्क. बाबांनी मेल्यानंतरही नातीची सोय केली आहे.

आता मुख्य मुद्दा. रोनाचा झोका, काठी फिरवण्याची तिची ढब, देखणा आहे. दहा वर्षे तू त्यावर घेतलेली मेहनत दिसते. परंतु तो झोका झाडांनी चारी बाजूंनी झाकलेल्या मैदानासाठी घडवलेला आहे. तिचा चेंडू उंच जातो, फार उंच. पर्थला तो उंचावरून अलगद उतरत असेल. इथे काल सतराव्या होलवर, समुद्राकडून वारा असताना, तो वर चढला, क्षणभर थांबला आणि चक्क मागे आला. बेला तिथून गाडी ढकलत चालली होती. ती म्हणाली, "पोरी, चेंडू मारलास की कबुतर सोडलंस?"

म्हणून मी तिला गावचा 'दबका' शिकवावा म्हणते. वाऱ्याच्या खालून जाणारा, बुटका, जमिनीशी सलगी ठेवणारा तो फटका बाबा, जिथून पहिला फटका मारतात त्या टीजवळच्या लाकडी खोपटात काठ्या दुरुस्त करता करता सगळ्या गावाला शिकवत असत. मी जाळी वाळवण्याचे दोन खांब उभे करून त्यांना दोरी बांधली आहे, जमिनीपासून बारा फुटांवर. चेंडू त्या दोरीखालून गेला पाहिजे. मुलगी तुझी आहे, म्हणून तुझी संमती विचारते.

तुझी,
जेसी


पर्थ,
गुरुवार, १२ जुलै

जेसी,

संमती नाही.

दोरी आधी बांधलीस आणि विचारलंस नंतर. ही तुझी जुनीच सवय.

मी रोनाला एकच झोका शिकवला आहे. ऊन असो, पाऊस असो, वारा असो, तोच. काठी पूर्ण मागे, पूर्ण पुढे, शेवटी हात कानाच्या वर. आणि एक नियम शिकवला आहे: टीवर उभं राहिल्यावर कुणाचाही सल्ला घ्यायचा नाही. कुणाचाही. हा नियम मी का केला, ते तुला सांगायची गरज नाही. तू तिथे होतीस.

मालगाड्यांच्या यार्डात अठ्ठावीस वर्षं काढली मी. माझ्या हाताखाली आता तीस माणसं आहेत आणि त्यांतला एकही जण मला वारा कुठून येतो ते शिकवत नाही. दहा वर्षांत बसवलेला झोका तू तीन आठवड्यांत मोडशील आणि वर त्याला शास्त्र म्हणशील. शाळेतल्या मुलींना सांग तुझं शास्त्र. त्यांना पास होण्यासाठी ऐकावंच लागतं.

त्या सतराव्या टीवर आपल्या बापाचा सल्ला ऐकून या घरातला एक माणूस संपला. दुसऱ्याची गरज नाही. त्याचा फटका, त्याचं खोपटं, त्याची शिकवण, यांतलं काहीही माझ्या मुलीच्या हातात देऊ नकोस. तिचे आजोबा तिसऱ्या ओळीत आहेत म्हणून ती खेळू शकते, एवढा त्यांचा उपयोग पुरे.

दोरी काढ.

आर्ची


पोर्टगॅरी,
सोमवार, १६ जुलै

प्रिय आर्ची,

दोरी काढलेली नाही.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनानंतर मी इतकी संतापले होते की चहाची किटली पाणी न घालता शेगडीवर ठेवली. दुसऱ्या वाचनानंतर ठरवले की तुला नीट, पायरीपायरीने समजावून सांगावे. तू हट्टी आहेस, मूर्ख नाहीस.

आधी कारण, मग कृती. चोवीस वर्षे वर्गात मी हाच क्रम पाळला आहे.

काठीचे तोंड तिरपे असते, म्हणून चेंडू सुटताना स्वतःभोवती उलटा फिरत जातो. ही उलटी फिरकीच त्याला हवेत उचलून धरते. वारा नसेल तर हे उचलणे बेताचे असते. वारा समोरून आला की तीच फिरकी चेंडूला कितीतरी अधिक उचलते, कारण आता हवा त्याच्यावर अधिक वेगाने धावून येत असते. आता यातला सर्वांत सुंदर भाग ऐक. तू जितक्या जोराने मारशील, तितकी फिरकी वाढते. म्हणजे वाऱ्याविरुद्ध जोर करणारा मनुष्य चेंडूला पुढे ढकलतच नसतो. तो त्याला वर पाठवत असतो, आणि वर वारा आणखी तगडा असतो. जोर हा त्या माणसाचा शत्रू होतो. हे पहिल्यांदा समजले तेव्हा मी किती तरी दिवस आनंदाने आणि दुसऱ्या एका गोष्टीने झोपले नव्हते.

आता कृती. शांत हवेत जिथे सहा नंबरची काठी लागते, तिथे अधिक लांब मारणारी चार नंबरची घ्यायची, म्हणजे जोर करण्याचा मोहच उरत नाही. मूठ दोन बोटे खाली धरायची. चेंडू नेहमीपेक्षा उजव्या पायाकडे, एका चेंडूच्या रुंदीइतका. वजन डाव्या पायावर, हात चेंडूच्या किंचित पुढे. काठी मागे नेताना खांद्यापाशी थांबायचे, आणि मारून झाल्यावर हात छातीपाशीच थांबवायचे, तुझ्या त्या कानांच्या वर नव्हे. राहता राहिला वेग. चर्चला उशीर झालेला नसताना आपण ज्या चालीने जातो, तो.

दोरी मारण्याच्या जागेपासून वीस पावलांवर आहे. रोज चाळीस चेंडू. पहिल्या दिवशी नऊ दोरीखालून गेले, दुसऱ्या दिवशी चौदा, गुरुवारी एकतीस. मी सगळे वहीत लिहून ठेवते. शुक्रवारी तुझे पत्र आले आणि रोनाने ते माझ्या खांद्यावरून वाचले. त्या दिवशी चाळीसपैकी सव्वीस दोरीवरून गेले. मी म्हटले, "तू जोर करते आहेस."

ती म्हणाली, "करत नाहीये. बाबांशी मनातल्या मनात बोलतेय."

"तेच ते. बोलणे थांबव."

"आत्या, तू थांबवतेस का?"

मी तिच्यासमोर पुढचा चेंडू ठेवला.

दबका तिचा जुना झोका मोडत नाही, आर्ची. वारा पडला की ती पुन्हा तुझाच झोका काढते, मी पाहिले आहे. तू तिला एक दार दिलेस, मी दुसरे दाखवते आहे. बाबांबद्दल तू जे लिहिलेस, ते मात्र मला सहन होत नाही. त्या माणसाने उभ्या आयुष्यात कुणाला वाऱ्यात जोरात मार म्हणून सांगितले नाही. आणि त्यांच्या मरणानंतर, अकरा वर्षांनीसुद्धा, तू त्यांच्याशी असा बोलतोस. लाज वाटू दे.

जेसी


पर्थ,
गुरुवार, १९ जुलै

जेसी,

तुझं पत्र वाचून मी पहिल्यांदा खिशात घातलं. मग यार्डात, दोन डब्यांच्या मध्ये उभा राहून पुन्हा काढलं आणि ते एक वाक्य पुन्हा वाचलं.

"त्या माणसाने उभ्या आयुष्यात कुणाला वाऱ्यात जोरात मार म्हणून सांगितले नाही."

नाही?

तर मग मी तुला सांगतो काय झालं ते. १९३४, सप्टेंबर. गावच्या कपाचा अंतिम सामना. दक्षिणेकडच्या एका मोठ्या क्लबातला एक गृहस्थ आला होता. तिथल्या गोल्फ शिकवणाऱ्याला मदतनीस हवा होता. जो जिंकेल त्याला नेणार, हे सगळ्या गावाला माहीत होतं. सोळा होल झाल्यावर मी प्रतिस्पर्धी सिंक्लेअरच्या एका होलने पुढे होतो. सतराव्या टीवर समुद्राकडून वारा होता, तोंडावर वाळू येत होती. मी चार नंबरची काठी काढली होती, जेसी. हातात होती माझ्या. हळू मारणार होतो. आणि तू धावत आलीस. केसांतली रिबन सुटलेली, धाप लागलेली. म्हणालीस, "बाबांनी सांगितलंय, अंगातला सगळा जोर लावून मार."

बाबांनी सांगितलंय. ते पहिल्या टीवर खेळाडूंना सोडण्याची घंटा घेऊन उभे होते, जागा सोडता येत नव्हती, म्हणून तुला पाठवलं. या गावात बाबांच्या शब्दाच्या वर कोण जातं? मी काठी बदलली आणि अंगातला सगळा जोर लावला. चेंडू वर गेला, थांबला, मागे आला आणि समुद्राकाठच्या गोट्यांत पडला. तो होल गेला, पुढचाही गेला. त्या गृहस्थाने सिंक्लेअरच्या हातात हात दिला. मी ऑक्टोबरात पर्थच्या यार्डात उभा होतो.

संध्याकाळी घरी मी त्यांना विचारलं, "का सांगितलंत?" ते म्हणाले, "चुकलं माझं." तीन शब्द. एका आयुष्याला तीन शब्द. म्हणून मी त्यांच्या अंत्यविधीला आलो नाही, आणि त्याची मला आजतागायत लाज वाटलेली नाही.

आता तू लिहितेस की त्यांनी कधी कुणाला तसं सांगितलंच नाही. एक तर तू तेव्हा खोटं बोललीस, नाही तर आता खोटं लिहितेस. मला उत्तर पाहिजे. आकृती नको, वही नको, चाळीस चेंडूंचा हिशेब नको. उत्तर.

२८ तारखेला रोना अंतिम सामन्यात असली तर मी येतोय. तिची काठ्यांची पिशवी मी उचलणार. त्या दिवशी तू मैदानावर पाऊल टाकायचं नाहीस.

आर्ची


पोर्टगॅरी,
शनिवार, २१ जुलै

बाबा,

मी अंतिम सामन्यात पोचले. आज वारा पाठीमागून होता. आत्याने उलटा धडा दिला: चेंडू डाव्या पायाकडे ठेव, खुंटीवर उंच बसव, आणि वाऱ्याच्या खांद्यावर बसवून दे. बसला आणि गेला. बेलाबाई म्हणतात, चेंडू नॉर्वेला पोचला असेल, तिकडच्या कोळ्यांना बातमी द्या. अंतिम सामना त्यांच्या थोरल्या सुनेशीच आहे. त्या म्हणतात, घरात कप येणारच, फक्त कोणत्या घरात ते बघायचं.

तुमचं गुरुवारचं पत्र आत्याने मला दाखवलं नाही. काल ते आल्यापासून ती माझ्याशी नीट बोलत नाही, फक्त समजावून सांगते. रात्री तर बटाटे कसे सोलायचे ते समजावून सांगितलं. तुम्ही काय लिहिलंत?

पिशवी तुम्ही उचलणार, एवढंच तिने सांगितलं; उचला. पण रागावून येऊ नका. मला आता कळलंय की राग दोरीच्या वरून जातो.

रोना


पोर्टगॅरी,
मंगळवार, २४ जुलै

आर्ची,

उत्तर मागितले आहेस. ते देण्याआधी आकृती काढणार नाही. पण काय घडले ते क्रमानेच सांगावे लागेल. दुसऱ्या कोणत्याही रीतीने मला ते सांगताच येणार नाही.

त्या दिवशी बाबांनी मला जवळ बोलावले. घंटा त्यांच्या हातात होती. ते म्हणाले, "धाव, जेसी. आर्चीला सांग, हळू मार. बाकी काही सांगू नकोस, त्याला कळेल. नुसतं हळू."

मी धावले.

मी एकोणीस वर्षांची होते. विद्यापीठातले पहिले वर्ष शिष्यवृत्तीवर पूर्ण करून आले होते आणि माझ्या मते पोर्टगॅरीत माझ्याइतके शहाणे दुसरे कुणी नव्हते. आमच्या यंत्रशास्त्राच्या पुस्तकात फेकलेल्या वस्तूच्या मार्गाचे एक प्रकरण होते. मला ते तोंडपाठ होते. त्यावरून मी वाटेतच, त्या टेकड्यांमधून धावताना, गणित मांडले. चेंडू जितका वेगाने सुटेल तितका तो सपाट मारता येईल. जितका सपाट जाईल तितका कमी वेळ हवेत राहील. जितका कमी वेळ हवेत राहील, तितका वाऱ्याला तो कमी सापडेल. म्हणजे जोरात. बाबा अडाणी आहेत, त्यांना हे कुठून कळणार, आणि माझ्या भावाचे भविष्य त्यांच्या अडाणीपणावर का सोडायचे? मी टीवर पोहोचेपर्यंत माझी पूर्ण खात्री झाली होती. पण मी सांगितले असते तर तू हसला असतास. म्हणून मी बाबांचे नाव घेतले.

त्या प्रकरणाच्या आरंभी एक ओळ होती, आर्ची: हवेचा परिणाम नगण्य मानावा. मी ती ओळ परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. पोर्टगॅरीच्या सतराव्या टीवर, तोंडावर वाळू येत असताना, मी हवा नगण्य मानली. त्या पुस्तकात हवा नव्हती. फिरकीबद्दल मी तीन वर्षांनंतर शिकले. मागच्या पत्रात लिहिले ना, की ते समजल्यावर आनंदाने आणि दुसऱ्या एका गोष्टीने झोप आली नाही. ती दुसरी गोष्ट ही.

त्या संध्याकाळी तू विचारलेस, "का सांगितलंत?" मी चुलीपाशी होते, माझ्या हातात सूपचे भांडे होते. बाबांनी माझ्याकडे पाहिले. एकदाच. मग तुझ्याकडे वळून म्हणाले, "चुकलं माझं." मी भांडे खाली ठेवायला हवे होते आणि बोलायला हवे होते. मी सूप वाढले. तू ताट ढकलून निघून गेलास. तू दिसेनासा झाल्यावर मी रडत काही म्हणू लागले, तर ते म्हणाले, "एका घरात चुकलेलं माणूस एकच पुरे. तुला ऑक्टोबरात परत जायचंय." नंतर सतरा वर्षे त्यांनी तो विषय काढू दिला नाही. तुझे पत्र येत नसे, तेव्हा ते शनिवारी टपालवाल्यासाठी फाटकाशी उभे राहत आणि मला म्हणत, "वारा बघतोय."

मी तुला का लिहिले नाही, याची कारणे माझ्यापाशी होती. पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती, नंतर नोकरी, नंतर तुझे लग्न, नंतर त्यांचे आजारपण. सगळी कारणे नीट मांडलेली होती. त्यांतही हवा नव्हती.

सोबत एक कार्ड पाठवते आहे. शवपेटी खाली सोडताना कुणी कोणती दोरी धरायची ते बाबांनी मरणापूर्वी स्वतः ठरवले होते. कार्डावर पेटीची छोटी आकृती आहे, आठ आकडे आहेत. डोक्याशी असलेला पहिला आकडा थोरल्या मुलाचा. त्यावर तुझे नाव त्यांच्या हस्ताक्षरात आहे. तुझी तार आली: सुट्टी मिळत नाही. ते मला आधीच सांगून गेले होते, "तो आला नाही तर ती दोरी दुसऱ्या कुणाला देऊ नका." सात जणांनी खाली सोडले. पहिली दोरी पेटीवर तशीच राहिली. बायका कबरीपाशी जात नसत तेव्हा; मी हे भिंतीवरून पाहिले.

तू माझ्यावर रागावशील. रागाव. पण बाबांवरचा राग आता माझ्याकडे वळता कर, तो चुकीच्या पत्त्यावर गेला होता. शनिवारी मी मैदानावर येणार नाही.

जेसी


पोर्टगॅरी स्थानक, प्रतीक्षालय,
शनिवार, २८ जुलै

जेसी,

इथून तुझ्या घराचं धुराडं दिसतं. चालत गेलो तर चार मिनिटं लागतील. मी चालत येणार नाही, म्हणून लिहितोय. गाडी पावणेसातला आहे.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. शुक्रवारी मी यार्डात तीन माणसांना विनाकारण झापलं आणि एका डब्याचं दार इतक्या जोरात लावलं की बिजागरी निघाली. आज पहाटे आलो तो रोनासाठी नव्हे. तुझ्या दारात उभा राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलण्यासाठी आलो होतो. शब्द जुळवून ठेवले होते, आकडे घालून, तुझ्यासारखे. पण रोना फाटकात उभी होती, पिशवी माझ्या खांद्यावर टाकली आणि म्हणाली, "चला, उशीर होतोय." मला गिळावं लागलं.

सामन्याचं तुला तिने सांगितलंच असेल. हरली. अठराव्यावर हातभर अंतरावरून चेंडू खड्ड्यात घालता आला नाही. मग हसली आणि बेलाच्या सुनेबरोबर चिप्स खायला गेली. माझ्या वेळी मी असा हसलो असतो तर बरं झालं असतं.

सतराव्याबद्दल ती तुला सांगणार नाही, कारण तिला ते नीट कळलेलं नाही. म्हणून मी सांगतो.

सोळाव्यानंतर ती एका होलने मागे होती. वारा समुद्राकडून, तोच, वाळूसकट. बेलाच्या सुनेने आधी मारला, सगळं अंग लावून. चेंडू वर चढला, थांबला. मला बघवेना, पण मी पाहिला. गोट्यांवर आपटल्याचा आवाजही ऐकला. मग रोना टीवर आली. तिच्या हातात चार नंबरची काठी होती आणि तिने माझ्याकडे पाहिलं. पोरगी माझी आहे, ती टीवर कुणाला विचारत नाही, मीच शिकवलंय. पण डोळ्यांत प्रश्न होता: बाबा, पूर्ण मारू की तिचा दबका?

दहा वर्षं मी तिला एकच सांगत आलो. तेच सांगायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं. मी म्हणालो, "तुझ्या आजोबांनी सांगितलंय, हळू मार. नुसतं हळू."

ती म्हणाली, "आजोबांनी? कधी?"

मी म्हणालो, "अठ्ठावीस वर्षं झाली. निरोप वाटेत अडकला होता."

तिला वाटलं मी विनोद करतोय. हसतच मारला तिने. चर्चला जाण्याच्या चालीने, तू लिहिलंस तसा. चेंडू तुझ्या बारा फुटांच्याही खालून गेला, खड्ड्याभोवतीच्या हिरवळीच्या बराच अलीकडे टेकला आणि धावत, धावत, खड्ड्यापासून दोन हातांवर जाऊन थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पिशवीचा पट्टा धरून उभा होतो. तो असा जाणार होता, जेसी. माझाही तो असाच जाणार होता.

तुला माफ केलेलं नाही. करीन की नाही, माहीत नाही. तुझ्या चुकीबद्दल म्हणत नाही मी. एकोणिसाव्या वर्षी माणूस चुकतो. सूप वाढलंस, त्याबद्दल म्हणतोय. त्यानंतरच्या प्रत्येक शनिवारी तो म्हातारा फाटकाशी उभा होता आणि तू खिडकीतून बघत होतीस, त्याबद्दल म्हणतोय. आणि माझ्याबद्दलही, कारण एक पत्र मलाही लिहिता आलं असतं. हा राग मी आयुष्यभर एका माणसावर ठेवला. आता तो सगळाच्या सगळा तुझ्यावर टाकावा म्हटलं, तर त्यातला अर्धा माझ्याच अंगावर येतोय.

सामन्यानंतर मी तिसऱ्या ओळीत गेलो होतो. कार्ड काढून आकृती पाहिली आणि पहिला आकडा आहे तिथे, डोक्याशी, उभा राहिलो. हातात धरायला काही नव्हतं. तरी काही वेळ हात पुढे धरून उभा राहिलो. बेला भिंतीपलीकडून गाडी ढकलत चालली होती. तिच्या तोंडाला कुलूप नसतं हे तुला माहीत आहे. तिने पाहिलं, टोपी नीट केली आणि एक शब्दही न बोलता गेली.

रोनाला ऑगस्टअखेर तुझ्याकडे राहायचंय. राहू दे. दोरी काढू नकोस.

मला इतक्यात लिहू नकोस. मी लिहिलं की लिही.

कार्ड परत पाठवत नाही. ते माझं आहे.

आर्ची